निर्गंध बोंबील

ललितने सरावलीतल्या कामगारांच्या चाळीत नववं दार वाजवलं, तेव्हा पाचाला पाच मिनिटं कमी होती. पाचला दांडीत, त्याच्या गावी, व्यापाऱ्याचा टेम्पो लागणार होता. आईने सकाळीच बजावलं होतं, "दहा जण हो बोलले तर सुके बोंबील तुला ठेवते. नायतर सगळे टेम्पोत."

त्याच्या हातात चकचकीत पाकीट होतं, पिशवीत तसलीच आणखी. 'निर्गंध बोंबील. बिनधास्त तळा, घरमालकाला पत्ता नाही.' आत काही नव्हतं. आधी गिऱ्हाईक बघायचं, मग माल बनवायचा, हे त्याने मोबाईलवर ऐकलं होतं. ते इतकं पटलं की त्याने कंपनीतली नोकरी सोडली. आता माल नव्हता, वास घालवायचं यंत्र नव्हतं आणि पगारही नव्हता. तयारी पूर्ण होती.

दारातल्या बाईने पाकीट हुंगलं आणि हात लांब धरला.

"अगं बाई, केवढा वास मारतंय!"

"ताई, रिकामं आहे ते."

"मग भरल्यावर काय करेल?"

दार लागलं. आधीच्या आठ दारांतही हेच झालं होतं. ललितने पाकीट नाकाला लावून खोल श्वास घेतला. कसलाच वास नाही. अख्खी चाळ एका रिकाम्या पाकिटाविरुद्ध एक झाली होती.

त्याने आईला फोन लावला. "आये, पाकिटं कुठं ठेवलेली गो तू?"

"कुठं म्हणजे? उंदीर कुरतडतात म्हणून बोंबलाच्या टोपलीत. तळाला. महिनाभर."

ललित जिन्यात खालीच बसला. "आये, बोंबलाला वास येतो काय गो?"

"कसला वास?" आई म्हणाली. "टेम्पो आला बघ. किती झाले?"

"होतायत," म्हणत त्याने फोन ठेवला आणि दहावं दार वाजवलं.

रात्रपाळी करून झोपलेला एक बंगाली कामगार उशी काखेत घेऊन डोळे चोळत बाहेर आला. त्याने पाकीट घेतलं, उघडलं, नाक आत घातलं आणि तसाच उभा राहिला. इतका वेळ, की ललितला वाटलं माणूस उभ्याउभ्या परत झोपला.

"दो साल से घर नहीं गया," पाकिटातूनच आवाज आला. "मकानमालिक मछली पकाने नहीं देता. दस दे दो."

"भाई, खाली है."

"खाली ही चाहिए. भरा हुआ वो पकड़ लेगा."

त्याने पाकीट उशीच्या अभ्र्यात सरकवलं, वरून दोनदा थोपटलं आणि बाकीच्या नऊसाठी हात पुढे केला.

फोन परत वाजला. मागे टेम्पोचा हॉर्न ओरडत होता.

"अरे, तो थांबत नाय! दहा झाले काय?"

"झाले."

"मग बोंबील ठेवू ना?"

ललितने उशीकडे पाहिलं.

"बोंबील जाऊ दे, आये," तो म्हणाला. "टोपली तेवढी ठेव."