साहेबांचा डबा

साहेबांनी डबा टेबलावर ठेवला, तो खणकन वाजला, आणि वहिनींच्या कपाळाला आठी पडली. म्हणजे निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. बावीस वर्षं हे साहेब जंगलाच्या तपासणीला येत होते, वनरक्षकाच्या या दोन खोल्यांच्या घरात बसत होते आणि दर वेळी स्वतःचा डबा उघडून जेवत होते. साहेबच डबा आणतात म्हटल्यावर हाताखालची माणसंही आणू लागली. सगळ्या वनखात्यात वहिनींना नाव पडलं होतं, करपट वहिनी. त्यांच्या हातची वांग्याची भाजी खाऊन माहेरची माणसं बोटं चाटायची, पण ते सांगायचं कुणाला?

आज साहेबांबरोबर नवी वनअधिकारी आली होती. वय वहिनींच्या धाकट्या लेकीएवढं, बुटांवर राखेचा थर. तिने पिशवीतून झाडाच्या बुंध्याची चकती काढली, चांगली पोळपाटाएवढी, आणि डब्याशेजारी ठेवली. समोरच्या भिंतीवर खात्याने दिलेली ढाल होती. 'बावीस वर्षांत एकही आग नाही,' असं तिच्यावर कोरलेलं होतं. वहिनींचा नवरा, गेल्याच वर्षी निवृत्त झालेला वनरक्षक, त्या ढालीखाली बसला होता. चकती बघताच त्याने प्यायला पाणी मागितलं.

"काका, या उन्हाळ्यात आजूबाजूचं सगळं जंगल गेलं," मुलगी म्हणाली. "आता ऊन महिनाभर आधीच तापायला लागतं, पाऊस उशिरा येतो आणि वर्षानुवर्षं साठलेला पाचोळा ठिणगीची वाट बघत पडलेला असतो. ज्वाळा शेंड्यापर्यंत चढल्या. तुमच्या हद्दीत आल्यावर मात्र आग गुडघ्याएवढी झाली आणि विझून गेली. असं का, ते बघायला मी वादळात पडलेलं तुमचं एक झाड कापलं." तिने चकतीवर बोट फिरवलं. "दर वर्षाचं एक कडं. तुमच्या बावीस वर्षांत नऊ काळे डाग. म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी या झाडाच्या पायाशी आग होती."

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या वहिनींनी ढालीकडे पाहिलं. आता ढाल जाणार, पेन्शन अडकणार आणि या वयात लोक नवऱ्याला खोटारडा म्हणणार. खोटं तर होतंच. जंगलात काडीसुद्धा ओढायची नाही, असा खात्याचा नियम. पण नवऱ्याचं डोकं वेगळं. पाचोळा आपण थोडा थोडा जाळला नाही, तर एक दिवस तो सगळं जाळतो, हे त्याचं म्हणणं. हिवाळा सरताना, पानांवर दव असतानाच तो एकेक पट्टा पेटवायचा आणि ऊन चढायच्या आत विझवून परत यायचा. नेमका त्याच दिवसांत तपासणीचा दौरा असायचा. साहेब नाक वर करून म्हणायचे, "कसला हो धुराचा वास?" आणि वहिनी आतून ओरडायच्या, "अगं बाई, माझी भाजी करपली." नवऱ्याची नोकरी टिकली, वहिनींच्या नावाचे मात्र बारा वाजले.

आजही सवयीने तेच वाक्य जिभेवर आलं. पण झाडावरच्या डागाला भाजी कशी लावणार?

तेवढ्यात नवरा उठला. त्याने खिळ्यावरची ढाल काढली आणि मुलीसमोर ठेवली. "मीच लावायचो आग. दर वर्षी. घेऊन जा ही, पेन्शनचं काय करायचं ते करा. पण हिला यातलं काही माहीत नव्हतं."

"माहीत कसं नव्हतं?" वहिनी तरातरा बाहेर आल्या. "मग काजळलेले सदरे धुवत कोण होतं? आणि अहवालात हेही लिहा, की या घरात भाजी एकदासुद्धा करपली नाही." इतकी वर्षं गिळलेलं वाक्य बाहेर पडलं. त्यांना एवढं हलकं वाटलं की डोळेच भरून आले.

मुलगी हसायला लागली. "काका, ढाल टांगा बघू परत. खात्याने नियम बदललाय. या हिवाळ्यापासून पाचोळा आम्हीच जाळणार आहोत. पण वारा कसा बघायचा, काडी कुठून लावायची, हे आमच्यात कुणाला येतं? शिकवायला माणूस हवा, म्हणून आलेय. तुमचं नाव साहेबांनीच सुचवलं."

"साहेबांनी?" वहिनी म्हणाल्या. "म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अहो वहिनी, सगळी हयात जंगलात गेली माझी. जळलेला पाला आणि करपलेली भाजी यांच्या वासातला फरक मला कळत नाही होय?"

"मग एकदा तरी माझ्या हातचा घास खायचा होतात. लोकांनी काय काय नावं ठेवली मला."

"ते चुकलंच माझं. पण मी खाल्ला असता, तर बाकीच्यांनीही खाल्ला असता. आणि तुमच्या वांग्याचा वास मला बाहेर बसून यायचा. ती भाजी जेवल्यावर तुमची भाजी करपते, यावर एका तरी माणसाने विश्वास ठेवला असता का?"

साहेबांनी डबा पुढे ओढला आणि झाकण काढलं. डबा रिकामा होता.

"आधी पोटभर वाढा," ते म्हणाले, "आणि जाताना हा भरून द्या."