घरच्या चार ओळी

कुंदाबाईंनी टेबलावर दोन कागद ठेवले. डावीकडचा घरी खायच्या वांग्यांचा, उजवीकडचा व्यापाऱ्याकडे जाणाऱ्या वांग्यांचा.

समोर लोटन आणि त्याची बायको बेबाबाई बसले होते. आठवड्यापूर्वी दोघं चाळीसगावकडून एसटीने येऊन धुळ्याच्या या प्रयोगशाळेत दोन पिशव्या देऊन गेले होते. त्यांच्या सहा वर्षांच्या लताच्या दोन महिने दवाखान्याच्या खेपा चालू होत्या. हात इतके थरथरत की घास तोंडापर्यंत जात नसे. डॉक्टर म्हणाले होते, फवाऱ्याचं विष पोटात जातंय असा संशय आहे. कुठून जातंय ते कळल्याशिवाय पोरगी बरी व्हायची नाही.

डाव्या कागदावर यंत्राने सरळ रेघ ओढली होती. उजव्यावर विषाचे डोंगर काढले होते.

"घरच्या वांग्यांत काही नाही," कुंदाबाई म्हणाल्या.

"कसं राही?" लोटन म्हणाला. "घरन्या चार वळी न्याऱ्या शेतस. त्यासले औषध मारतसच नही."

कुंदाबाईंना हे नवं नव्हतं. पुष्कळांच्या वावरात घरापुरत्या अशा चार न फवारलेल्या ओळी असत. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. पूर्वी त्यांना राग यायचा. आता असे कागद पाहून पाहून तोही येईनासा झाला होता.

बेबाबाईने उजव्या कागदाकडे बोट केलं. "हाई मीठना पानीमा धुवावर निंघी जास ना?"

"नाही. हे गरात उतरतं."

बेबाबाईने मान हलवली. कुंदाबाईंना वाटलं, आठवडी बाजारात टोपली घेऊन बसणारी बाई आहे, गिऱ्हाइकांची काळजी लागली असेल.

"मंग आपला वांगा नहीत," लोटन म्हणाला. त्याने डाव्या कागदाची घडी करून खिशात घातली. "डाक्टरले सांगूत, दुसरं काही धुंडा." तो उठला.

बेबाबाई उठली नाही.

"लताना बाप, बठा जरासा," ती म्हणाली. तिचा आवाज होता तसाच होता. "बजारमा बाया येतस, त्यासना कडेवर लेकरं ऱ्हातस. त्या चार वळीसना वांगा मी त्यासलेच इकस."

तिने उजव्या कागदावर हात ठेवला.

"घरमा ह्याच रांधस. चांगला धुईसन."