वाईट दिवसाचं सांग, आई

"कशी आहेस विचारलं तर 'बरी आहे' म्हणायचं नाही," नेरिसनं तिसऱ्यांदा बजावलं. "वाईट दिवस कसा जातो, तेवढंच सांगायचं. कळलं?"

"कळलं गं बाई," ग्लेनिस म्हणाली. "बालवाडीत आहे का मी?"

भत्ता चालू ठेवायचा की नाही हे ठरवणारी तपासनीस बाई अकराला येणार होती. ग्लेनिसच्या संधिवाताला दहा वर्षं झाली होती. बोटं वाकडी झालेली, मुठीत चमचा धड राहत नव्हता, आणि गुडघे तर मनात असेल तेव्हाच ऐकायचे. त्यापायी सरकार तिला अपंग भत्ता देई. तिची काळजी घेते म्हणून नेरिसला वेगळा भत्ता मिळे. पण लेकीचा भत्ता आईच्या भत्त्याला बांधलेला. आईचा गेला की लेकीचाही गेला, आणि घरात तिसरी मिळकत नव्हती.

म्हणून तर नेरिसचा जीव टांगणीला लागला होता. वेल्सच्या त्या खोऱ्यातल्या माणसांचं एक आहे. छप्पर उडालं तरी म्हणतील, वारा बरा येतोय. पलीकडच्या आयव्हर प्रॉसरला एक पाय नाही. पण तपासनीस आला तसा हा गडी म्हणाला, "तक्रार नाही," आणि कुबडी घेऊन स्वतः चहा करायला उठला. दीड महिन्यात भत्ता बंद. आता गल्लीभर सांगत फिरतो, सरकार चोर आहे म्हणून.

नेरिस सव्वीस वर्षांची होती. कार्डिफला नर्सिंग शिकायला तिला दोनदा जागा मिळाली. पण पूर्णवेळ शिकायला गेलं की काळजीचा भत्ता थांबतो. पहिल्या वेळी तिनं सरळ नकार कळवला. दुसरं पत्र गेल्या सोमवारी आलं. कसलं पत्र, असं आईनं विचारलं, तेव्हा विजेचं बिल आहे म्हणून तिनं थाप मारली. ग्लेनिसनं पाकिटावरचा कार्डिफचा शिक्का पाहिला आणि पाकीट तिच्याकडे सरकवलं.

पोर्थ गावची आयर्लिस मावशी कधीची मागे लागली होती, ग्लेनिसला माझ्याकडे पाठव, खालची खोली रिकामीच पडलीय. नेरिसच ऐकत नव्हती. आईला दुसऱ्याच्या दारात टाकायला ती काही मेली नव्हती.

अकराच्या ठोक्याला दार वाजलं. मिस हॅडली म्हणून चाळिशीतली बाई होती, मऊ बोलणारी. दारात गाडी लावायला जागा असतानाही ती पार चढावरच्या चॅपलपासून, त्या छोट्या चर्चपासून, चालत आली होती आणि तिला धाप लागली होती. नेरिसनं तिला बसवलं आणि आईकडे पाहिलं. ग्लेनिसनं ओठांना लाली लावली होती. कधी लावली कोण जाणे.

"हे वेल्श केक छान झालेत," मिस हॅडली म्हणाली. "कुणी केले?"

"मीच," ग्लेनिस म्हणाली. "सकाळी उठून."

ते केक आदल्या संध्याकाळी नेरिसनं भाजले होते. आईनं तव्याला हात लावून चार वर्षं झाली होती. नेरिसनं टेबलाखालून तिचा पाय दाबला. ग्लेनिसनं पाय बाजूला घेतला.

मग एकेक प्रश्न निघत गेला. अंघोळ? स्वतः करते. कपडे? स्वतः घालते. भाजी चिरणं, डबे उघडणं? त्यात काय अवघड आहे. बाई टाइप करत होती आणि तो टकटक आवाज नेरिसला सोसवेना.

"खोटं बोलतेय ती," शेवटी ती म्हणाली. "बटणं मी लावते. केस मी विंचरते. घास कापून मी देते."

"पोरीला उगीच काळजी करायची सवय आहे," ग्लेनिस हसून म्हणाली. "बापावर गेलीय."

मिस हॅडलीनं दोघींकडे पाहिलं आणि संगणक मिटला. ती उठली तशी ग्लेनिसही खुर्चीचे हात धरून उठली. "चला, तुम्हाला गाडीपर्यंत सोडते."

पाहुण्याला दारातूनच निरोप द्यायचा नाही, ही त्या गल्लीची रीतच आहे. पण ती धडधाकटांनी पाळायची. नेरिसनं काठी पुढे केली, ती आईनं घेतली नाही. दंड धरायला गेली, तर झटकला. बारा घरं ओलांडली. मग पोस्टाची पेटी. पुढे चढ होता. ग्लेनिसचा चेहरा पांढराफटक पडला होता, कपाळावर घाम आला होता, आणि तोंडानं हवापाण्याच्या गप्पा चालूच होत्या. नेरिसला रडू येत होतं आणि संतापही येत होता. एवढं पढवून शेवटी आईनं पायावर धोंडा पाडून घेतला. तोही एकटीच्या नव्हे, दोघींच्या.

चॅपलच्या बुटक्या भिंतीशी पोचल्यावर ग्लेनिस खाली बसली. देखावा बघतेय, म्हणाली. नेरिस धावत गाडीच्या खिडकीपाशी गेली.

"हे लिहू नका," ती हात जोडून म्हणाली. "तिची खोड आहे ती. इथं सगळ्यांचीच आहे. चारचौघांत कमीपणा घ्यायचा नाही, मग घरात उपाशी राहिलं तरी चालेल. आज रात्री ती वेदनेनं झोपणार नाही. आमचं दोघींचं पोट आहे हो त्याच्यावर."

मिस हॅडलीनं किल्ली फिरवली नाही. भिंतीवर बसलेल्या ग्लेनिसकडे तिनं पाहिलं.

"काल वेळ पक्की करायला मी फोन केला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या आईंनी विचारलं, आमचे दोन्ही भत्ते बंद पडायचे तर मला काय काय जमायला हवं. मला वाटलं, घाबरल्यात. मी सगळी यादी वाचून दाखवली. शेवटी होतं, दोनशे मीटर चालणं. तर म्हणाल्या, मग गाडी चॅपलपाशी लावा."