मॅग्नेशियमचा डबा

"आई, तो चमचा खाली ठेवा."

सासूबाईंचा हात पेल्यावरच थांबला. पेल्यात कोमट पाणी होतं आणि चमच्यात शीग लावून पांढरी पूड.

"अगं, यांच्या पोटरीत गोळे येतात. शेजारणीनं डबा दिलाय. तिला गुण आला म्हणे."

सून औषधाच्या दुकानात काम करायची. तिनं डबा फिरवून मागची बारीक अक्षरं वाचली. मॅग्नेशियमचा क्षार.

"बाबांना हे चालायचं नाही. चांगली किडनी जास्तीचं मॅग्नेशियम बाहेर टाकते. दुबळ्या किडनीला ते जमत नाही. मग ते रक्तात साठतं. माणूस सुस्त होतो, अंगातलं बळ जातं, हृदयाचे ठोकेसुद्धा मंदावतात."

सासूबाईंनी चमचा परत डब्यात रिकामा केला. "म्हणजे मी त्यांना..."

"अजून दिलं नाहीत ना?"

"आजच काढत होते."

"मग झालं. बाबांपाशी बोलू नका, उगाच धसका घेतील."

गेल्या महिन्यात दोघांची लघवी तपासायला दिली होती. सासऱ्यांच्या किडनीत दोष दिसला. सासूबाई चहासुद्धा बिनसाखरेचा पीत, तरी त्यांच्या लघवीत साखर निघाली. डॉक्टरांनी दोघांनाही रक्त तपासून घ्यायला सांगितलं होतं. सासरे रोज नवी सबब काढून दोघांचंही जाणं टाळत. पथ्य मात्र त्यांनी निमूट धरलं, आणि बायकोलाही धरायला लावलं. "मी एकट्यानं का शिक्षा भोगायची? तूही अळणीच खा," असं म्हणून तिच्या पानातलं लोणचं ते उचलून घेत.

"टाकून देऊ का गं हा डबा?" सासूबाईंनी विचारलं.

"तुमच्याही पायात गोळे येतात ना? तुम्ही घेऊन बघा. तुम्हाला काही धोका नाही. पण चमचाभरच हं."

सुनेचं लक्ष आता सासऱ्यांवर होतं. दुकानात जाण्याआधी ती त्यांची नाडी बघायची, पायावर सूज आहे का ते बोटानं दाबून बघायची.

"ही सून आहे की पोलीस?" सासरे कुरकुरले.

"तुमच्यासारख्या चोराला पोलीसच हवा," सासूबाई म्हणाल्या.

सासरे एरवी शब्दाला शब्द देत. त्या वेळी पिशवी घेऊन बाजाराला निघाले.

सासऱ्यांची तब्येत ठणठणीत राहिली. सासूबाई मात्र भाजी निवडता निवडता पेंगू लागल्या. जिना चढताना कठड्याला धरून थांबू लागल्या. "पण पाय कसे हलके झालेत, आणि झोप तर काय लागते," त्या खुशीत सांगायच्या. सून दुकानात गेली की दुसरा चमचाही घ्यायच्या.

एका दुपारी सून घरी आली तेव्हा त्या स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेल्या होत्या. डोळे अर्धवट उघडे. हात उचलायला सांगितला तर बोटही हलेना.

दवाखान्यात सासरे आणि सून बाकावर बसून होते. डॉक्टर बाहेर आल्या.

"रक्तात मॅग्नेशियम फार वाढलंय. उतारा म्हणून कॅल्शियम दिलंय, पण ठोके अजून मंद आहेत. डायलिसिसची तयारी चालू आहे. किडनी एवढी दुबळी असताना यांना ही पूड घ्यायला सांगितली कुणी?"

"मी." सून म्हणाली. "पण किडनीचा त्रास बाबांना आहे. आईंच्या तपासणीत नुसती साखर निघाली होती."

"पूड किडनीला वाईट असते?" सासरे उठून उभे राहिले. "मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही घाबराल म्हणून, बाबा. तुमच्याच किडनीसाठी तर..."

"तिला अळणी खायला घातलं की भागेल, असं वाटलं गं मला." ते डॉक्टरांकडे वळले. "माझं गोड बंद होईल म्हणून त्या दिवशी लघवीच्या बाटल्यांवरची नावं मीच बदलली होती."