शरयूची यादी

“बाबा, तू परत आईचंच कार्ड आणलंस?” वल्लरी म्हणाली. “एक्झॅमिनरला ते वाचता येणार नाही, यार.”

“तिला कुठे वाचायचंय? मला वाचायचंय.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

जगन्नाथने कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि विमानाकडे चालू लागला.

आज नापास झाला तर दुसऱ्यांदा नापास. पायलटचं लायसन नाही म्हणजे विमानात दुसरं कोणी बसवायचं नाही. विमान दोन सीटचं होतं. त्याने आणि वल्लरीच्या आईने, शरयूने, ते चँडलर गावातल्या घराच्या गॅरेजमध्ये सात वर्षं बांधलं. तो बाहेरून रिव्हेट मारायचा, ती आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायची. उजव्या सीटवर ती बसली ती गॅरेजमध्येच. विमान उडालं तेव्हा ती नव्हती. आता त्या सीटवर वल्लरीला बसायचं होतं.

आज तिथे लिंडा हॉब्ज बसली. परीक्षक. साठीची बाई, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी.

“तपासणीची यादी?”

जगन्नाथने कार्ड दिलं. कडेने चिकटपट्टी लावलेली, निळ्या शाईतलं शरयूचं अक्षर. लिंडाने ते उलटं धरलं, मग सुलटं केलं.

“इंग्रजी नाही?”

“आहे. छापील. मागच्या वेळी तीच घेतली होती. दार न लावता धावपट्टीकडे निघालो.”

“वाचलंय मी ते.” ती थोडी हसली. “यादी वापरलेली मला दिसली पाहिजे. भाषा तुमची. पण प्रत्येक ओळ मला इंग्रजीत सांगायची. एक जरी गाळलीत, तर आपण इथूनच परत.”

त्याने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. “अहो, दार.” दार ओढून बघितलं, तिला सांगितलं. “अहो, पट्टा.” दोघांचे पट्टे बघितले. “अहो, गॅस.”

“हा एक शब्द मला आला,” लिंडा म्हणाली.

जगन्नाथने दोन सीटांच्या मधला पेट्रोलचा कॉक फिरवून डाव्या टाकीवर आणला. अमेरिकेत पेट्रोलला गॅस म्हणतात, हे शरयूला फार सोयीचं पडलं होतं. त्यांच्या घरी शेगडी विजेची. तरी कुठेही निघाले की ती दारात थांबून विचारायची, “अहो, गॅस?” पुण्याची सवय. आणि तो गाडीत बसूनच म्हणायचा, “हो, केला.”

“पण प्रत्येक ओळीच्या आधी तुम्ही तेच म्हणता,” लिंडा म्हणाली. “आ-हो. ते काय आहे? मला प्रत्येक शब्द हवाय.”

जगन्नाथने विचार केला. इंग्रजीत काही सापडेना.

“ते मी,” तो म्हणाला.

“तुमचं नाव जगन्नाथ आहे ना?”

“ते बायको घेत नाही. हे घेते.” तो थांबला. “घ्यायची.”

लिंडाने कार्डाकडे बघितलं. मग ते नीट समोरच्या पट्टीवर अडकवलं.

“चला,” ती म्हणाली.

गावाच्या दक्षिणेला कापसाची शेतं लागली. लिंडाने काही न सांगता इंजिनचा दांडा मागे ओढला. आवाज एकदम खाली आला.

“इंजिन गेलं तुमचं,” ती म्हणाली. “आता काय?”

आता कार्ड बघायला वेळ नव्हता. विमान उतरत होतं. जगन्नाथने नाक सावरलं. अहो, वेग. डावीकडे एक नांगरलेला, मोकळा पट्टा दिसला. अहो, जागा. हात आपोआप खाली गेला आणि कॉक डाव्या टाकीवरून उजव्या टाकीवर फिरवला. अहो, गॅस. पट्टा जवळ येत होता. मातीची ढेकळं दिसायला लागली.

लिंडाने दांडा पुढे केला. इंजिन पुन्हा गर्जलं.

“तुम्ही मोठ्याने बोलत होतात. माहितीये?”

“नाही.”

“काय बोललात ते कळलं नाही. हात काय करत होते ते कळलं.”

विमानतळावर ते उतरले तेव्हा वारा आडवा होता. एक चाक आधी टेकलं, मग दुसरं. फार देखणं नव्हतं. जगन्नाथने हँगरसमोर विमान उभं केलं, इंजिन बंद केलं. पंखा दोनदा अडखळला आणि थांबला.

लिंडाने मांडीवरच्या कागदावर सही केली आणि हात पुढे केला.

“अभिनंदन. पायलट झालात.”

कुंपणापाशी उभ्या वल्लरीला तो हात दिसला असावा. तिने दोन्ही हात वर केले आणि तिथेच उड्या मारायला लागली. एमएस करणारी मुलगी. जगन्नाथ हसला. मग दोन्ही हात मांडीवर ठेवून तो नुसता बसून राहिला. बरं वाटत होतं. कुठे जायचं नव्हतं.

लिंडाने पट्टा सोडला, दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला. आणि थांबली. तिने समोरचं कार्ड काढून अगदी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. अक्षर तिला वाचता येत नव्हतं, पण सकाळी तिसऱ्या ओळीला जे दोन शब्द होते, तेच इथे होते. तेवढं ओळखू येत होतं.

“आ-हो,” ती म्हणाली. “गॅस?”

“हो, केला,” जगन्नाथ म्हणाला.

मग खाली हात घालून त्याने कॉक बंद केला.