हौदावरची विडी

पन्नास सालच्या हंगामात धुळ्याच्या एका जिनिंगला नवे मॅनेजर आले आणि त्यांनी विडीवर बंदी घातली. ओढताना दिसला, की तिथूनच घरी. तोवर सगळे पाण्याच्या हौदावर बसून ओढायचे, थोटकं तिथल्याच ओल्या मातीत विझवायचे. आठवड्यात हौद ओस पडला.

कापसाच्या गंजीला टेकून उभ्या असलेल्या मुकादम शालिग्रामला मॅनेजरांनी विचारलं, "आता कोणी ओढतं का?"

"एक बी नही साहेब. बठ्ठं बंद शे."

"याला म्हणतात शिस्त!" मॅनेजर खूश होऊन तिथेच बोलत उभे राहिले.

शालिग्रामला हलता येईना. त्यांच्या बुटांचा आवाज ऐकून त्याने पेटती विडी घाईघाईने मागे कापसात खुपसली होती, आणि आता पाठीला ऊब लागत होती.