सात दगडी पूर्वज

“डावीकडे नको, पोरी. माझ्या पावलावर पाऊल ठेव,” आजोबा म्हणाले.

आजोबांचे, म्हणजे कोरो बेनीतोंचे, डोळे जवळजवळ गेलेले. तरी लाव्हाच्या काळ्या वाळूतून ते पुढे आणि नात मेराही मागे. दोनदा वाट चुकली. कोणी मागावर नाही ना, हे बघायला मेराहीला दहा वेळा मागे वळायला लावलं. उद्याच्या विमानानं कोरोंना चिलीच्या राजधानीत, सान्तियागोच्या इस्पितळात न्यायचं होतं. तिथून परत येणं काही खरं नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं.

रापा नुईवर, म्हणजे ईस्टर बेटावर, घराण्याघराण्याची एक गुपित गुहा असते, आणि विचारायला जावं तर प्रत्येक घराणं कानांवर हात ठेवतं. वाट एका वारसालाच दाखवायची. आतलं काही बाहेर नेलं, तर पूर्वज तोंड बघत नाहीत. कोरोंनी ती वाट थोरल्या लेकाला, लिनोला, दाखवली होती. लिनो तीन वर्षांपूर्वी समुद्रात बुडाला. आता त्याची ही मुलगी उरली होती.

गुहेच्या तोंडावरचा दगड सरकवून दोघं रांगत आत शिरले.

“फोन फक्त उजेडापुरता हं. पूर्वजांना फोटोची हौस नाही.”

कोरोंनी कोनाड्यात हात घातला. पणजोबांनी घडवलेल्या सात दगडी मूर्ती तिथे असायच्या. हात कोपऱ्यापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला.

“उजेड धर गं.”

कोनाड्यात नुसती धूळ होती.

कोरो मटकन खाली बसले. “वाट दोघांनाच ठाऊक. लिनोला आणि मला. हल्ली मला सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही. मीच विकल्या का गं?”

मेराहीला आठवलं. ती नऊ वर्षांची असताना बाबांनी जेवणाच्या टेबलावर एका परक्या माणसापुढे दगडी मूर्ती मांडल्या होत्या. सात. पुढच्याच आठवड्यात होडीला नवं इंजिन बसलं. आता खरं सांगावं, तर म्हातारा मेलेल्या लेकाला शिव्याशाप देत मरणार. खोटं सांगावं, तर स्वतःला.

“हो, कोरो.” तिला रडू आवरेना. “तुम्हीच विकल्या. आजी सांगायची.”

कोरोंनी चाचपडत तिचा हात धरला.

“सुटलो गं, पोरी. मला भीती होती, लिनोनं विकल्या असतील.”